वासराची हाक

आमच्या घरात सध्या प्लास्टिकची एक गाय आहे. नातवाच्या पहिल्या वाढदिवसाला कुणीतरी आणलेली. पोट दाबलं की ती 'मू' करते आणि तिचे डोळे लाल होतात. डोळे का लाल होतात ते मला विचारू नका. ती बनवणाऱ्यानं गाय कधी जवळून बघितली नसणार. बॅटरी उतरत आली की तिचा आवाज घोगरा होतो, आणि दुपारच्या झोपेत तो कानावर आला की मी दचकून उठून बसते. सून हसते. म्हणते, "आई, जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलंत, आता यालाही शिकवा. काऊ कशी करते, दाखवा बरं!" मग मी चित्रांच्या पुस्तकावर बोट ठेवते आणि छापलंय तसं 'मू' म्हणते. पोरगं टाळ्या पिटतं. त्याला काय ठाऊक, आजी हातचं राखून आहे. आजीला खरा आवाज येतो. गाईचा नव्हे, वासराचा. आणि तो इतका खरा की गाईनं आपलं मानावं. परभणीतल्या या घरात तो मी कधीच काढला नाही. नवऱ्यालासुद्धा ऐकवला नाही, तो बिचारा ऐकल्यावाचूनच गेला.

आमचं गाव पालमच्या अलीकडं, डांबरी सोडून आत. घर माळवदाचं, खाली ओसरी, ओसरीच्या डाव्या अंगाला स्वैपाकघर आणि उजव्या अंगाला एक अंधारी खोली. त्या खोलीच्या पलीकडंच गोठा. मधे एकच मातीची भिंत, तिला वर हाताएवढा झरोका. त्यामुळं खोलीत निजलेल्या माणसाला गाईचा श्वासही ऐकू यायचा आणि गोठ्यातल्या माणसाला खोलीतली कूस बदललेलीही कळायची. सकाळी सगळ्यात आधी आप्पा उठायचे, म्हणजे माझे वडील. अंघोळ करून कपाळाला भस्म लावायचे, गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजेला बसायचे. तेवढा वेळ घरात कुणी बोलायचं नाही. बोलायचं नाही म्हणजे माणसांनी. कोंबडे, चिमण्या, ढवळीच्या गळ्यातली घंटा आणि स्वैपाकघरातून येणारा आत्याच्या भाकरी थापण्याचा आवाज, यांना मुभा होती. आत्या म्हणजे आप्पांची थोरली बहीण. तरुणपणीच कपाळ पांढरं झालं तशी माघारी आली आणि आमच्या घराची मालकीणच झाली. तिच्या हातची येसराची आमटी आणि गरम भाकरी मला अजून स्वप्नात दिसते, वास येत नाही तेवढंच. तोंडानं मात्र फटकळ. "गिरजे, हत्तीवानी पाय आपटीत कुठं चाललीस?" इथून तिचा दिवस सुरू व्हायचा.

मी सातवीत होते तेव्हा मला भाऊ झाला. माझ्यानंतर मायची दोन लेकरं पोटातच गेली होती, त्यामुळं हा झाला तेव्हा आत्यानं गल्लीभर साखर वाटली. संगमेश्वर नाव ठेवलं, संगू म्हणायचो. पण नाव ठेवायच्या आधीच माय तापानं फणफणली. खाली शेगडी, अंगावर वाकळ, आणि तरी बाज हलायची इतकी थंडी वाजायची तिला. पालमचा डॉक्टर येऊन सुया टोचून गेला. ताप उतरला, पण माय उतरली ती उतरलीच. उठवेना, बोलवेना, आणि दूध तर एका आठवड्यात पार आटून गेलं. लेकरू छातीशी धरलं की ते दोन घडी ओढायचं आणि मग असं ओरडायचं की माय भिंतीकडं तोंड करायची. शेजारच्या म्हशीचं दूध पाणी घालून पाजून बघितलं, तर त्याचं पोट लगेच बिघडलं. शेवटी आमची ढवळी कामी आली. देवणी गाय, पांढरी, कानांवर काळे ठिपके. तिचं खोंड जेमतेम महिन्याभराचं. तिचं दूध वावडिंग घालून उकळायचं, निवलं की आत्या मांडीवर घेऊन बोंडल्यानं थेंब थेंब पाजायची. ते मात्र त्याला पचलं. लेकराच्या मांडीला वळी पडायला लागली, आणि घरात पहिल्यांदा कुणीतरी हसल्याचं मला आठवतं.

आणि तेवढ्यात ढवळीचं खोंड मेलं. सकाळी पोट फुगलं, दुपारी आडवं पडलं, आप्पा तेल पाजत होते तोवर मान टाकली. असं वासरू मेलं तर आमच्या भागात एक रीत होती: त्याचं कातडं काढायचं, पेंढा भरून शिवायचं आणि धारेच्या वेळी गाईपुढं उभं करायचं. ती बिचारी त्याला चाटत राहते आणि पान्हा सोडते. शेजारचे धोंडबा तात्या सांगायला आलेसुद्धा, "मालक, घाई करू नका पुरायची. कातडं ठिवा. लेकराच्या दुधाचा सवाल हाय." आप्पा म्हणाले, "तात्या, माझ्या दारात मेल्याचं सोंग उभं करायचं न्हाई. आईला आसं फशिवणं मला जमायचं न्हाई." आमच्यात माणूस पुरतात, जाळत नाहीत, आप्पांनी त्या खोंडालाही तसंच बांधाच्या कडेला पुरलं, वर बेलाचं पान ठेवलं. आप्पा मनानं मऊ होते. मऊ माणसाच्या मऊपणाची किंमत घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी मोजावी लागते, हे कळायचं माझं तेव्हा वय नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे ढवळीनं पान्हा चोरला. आप्पांनी सरकीची पेंड पुढं टाकली, पाठीवरून हात फिरवला, कास कोमट पाण्यानं धुतली. चरवीच्या तळाला चार थेंब लागले नि बास. गाय दाव्याला ताण देऊन मागं बघायची, खोंड जिथं निजायचं त्या पोत्याच्या तुकड्याकडं, आणि हंबरायची. आत खोलीत संगू भुकेनं ओरडायला लागला होता. मी दारात उभी होते, मला दोन्ही आवाज दोन कानांनी ऐकू येत होते. आणि मला दिसलं की लेकरू ओरडलं की ढवळीचे कान झरोक्याकडं वळतात. काय डोक्यात आलं देव जाणे. मी ते पोतं उचललं, डोक्यावरून पाठीवर घेतलं, तिच्या पुढ्यात गुडघ्यांवर बसले आणि खोंडासारखी हाक मारली. खेळताना मी त्याच्याशी तसंच बोलायचे, त्यामुळं घशाला सवय होती. तोंड मिटून, आवाज नाकात नेऊन, शेवटाला तोंड उघडायचं. गाय गप झाली. पोत्याचा वास घेतला, माझ्या मानेचा घेतला, आणि तिची ती खरखरीत जीभ माझ्या गालावरून वर गेली. सालटं निघाल्यासारखं झालं. मग चरवीत धार वाजली, आधी बारीक, मग जोरात.  आप्पांना सोंग नको होतं आणि सोंग तर पोटच्या पोरीनंच घेतलं होतं. ते खाली मान घालून काढत राहिले.

तेवढ्यात झरोक्यातून मायचा आवाज आला. कितीतरी दिवसांनी आपणहून बोललेली ती. "सोडला का?" आप्पा म्हणाले, "सोडला."

पुढं रोजचं तेच झालं. पहाटे आणि दिवे लागायच्या वेळेला मी पोतं पांघरून बसायचे, हाक मारायचे, ढवळी मला चाटायची, चरवी भरायची. हाक थांबली की भिंतीपलीकडून "सोडला का?" आणि इकडून "सोडला". माय दिवसभरात तेवढंच बोलायची. माझ्या गालाला कायमची आग, केसांना गाईच्या लाळेचा वास. आत्या रोज न्हाऊ घालायची आणि बडबडायची, "माझं वासरू गं ते, ये, तुला माणसात आणते." गावात पोरांना चेवच आला. मी दिसले की कुणीतरी कडब्याची पेंडी पुढं करायचं, "घे, खा!" मला राग यायचा, पण खोटं कशाला सांगू, मानही ताठ व्हायची. घरातलं सगळ्यात लहान माणूस माझ्या आवाजावर जगत होतं. असं मोठेपण मला पुन्हा आयुष्यात कधी मिळालं नाही, मुख्याध्यापिका झाले तेव्हासुद्धा नाही.

शाळेत इंग्रजीला एक तरुण सर होते, नांदेडकडचे. धड्यात गाय आली तेव्हा त्यांनी फळ्यावर लिहिलं, गाय 'मू' करते. वर्गात हशा. मागून कुणीतरी ओरडलं, "सर, गिरजीला विचारा, ती रोज करायलीय!" सरांना गोष्ट माहीत नव्हती. कौतुकानं म्हणाले, "अरे वा. ये गं पुढं, करून दाखव." मी उभी राहिले आणि म्हणाले, "सर, ते दूध काढायच्या येळंचं हाय. इथं न्हाई करायचं." मला वाटलं आता छडी बसणार. पण सर म्हणाले, "बस खाली." मग त्यांनी फळ्यावर 'मू'च्या शेजारी आणखी एक शब्द लिहिला, 'लो'. म्हणाले, साहेबाकडं गाईच्या आवाजाला दोन शब्द आहेत, हा जुना, तो नवा. हा मोठ्या माणसांच्या पुस्तकात असतो, तो लेकरांच्या. मला जुना आवडला नाही, नवाही आवडला नाही. दोन्हींत शेवटाला तोंड गोल होतं. वासरू हाक मारताना शेवटाला तोंड उघडतं.

पुढं मी स्वतः इंग्रजीची बाई झाले तेव्हा शाळेच्या कपाटातल्या जाडजूड शब्दकोशात हे दोन्ही शब्द काढून बघितले. एकदा नाही, अनेकदा; माणूस दुखरा दात जिभेनं चाचपत बसतो तसं. 'मू'पाशी लिहिलेलं, गाईच्या तोंडच्या आवाजावरून केलेला शब्द. संपलं. 'लो' मात्र फार जुना निघाला, हाक मारणं, ओरडणं अशा अर्थाच्या कुठल्यातरी मुळापासून आलेला. म्हणजे गोऱ्यांच्या खापरपणज्यांनाही ठाऊक होतं तर, की गाय नुसता आवाज काढत नाही, ती कुणाला तरी बोलावते. मग त्यांची गाय पोरांच्या पुस्तकात गेली आणि 'मू' होऊन बसली. आपल्याकडं म्हैस रेकते, बैल डुरकतो, गाय हंबरते. आणि लेकरू गेलेल्या बाईच्या रडण्याला आपण हंबरडा म्हणतो. तो शब्द गोठ्यातून उठूनच घरात आला असणार. वासराच्या आवाजाला आमच्या गावात वेगळं नाव नव्हतं, आमी त्याला हाकच म्हणायचो. प्राण्यांचे आवाज हा तक्ता मी वर्गात वर्षानुवर्षं शिकवला आणि दरवर्षी गाईची ओळ पोरांना घरून वाचून यायला सांगितली. कुणी कधी कारण विचारलं नाही, पोरं अशा गोष्टी विचारत नसतात.

संगूनं चांगलं बाळसं धरलं. हसायला लागला, मुठीत आत्याचं बोट धरायला लागला. मायही आता भिंतीला टेकून बसायची. आणि मग आत्यानं विषय काढला. मायच्या तापात ती पोखर्णीच्या नरसिंहाला नवस बोलली होती, लेकरू सुधारलं की त्याच्या बहिणीला घेऊन येते, ती तुझ्यापुढं दंडवत घालील. आप्पा ओसरीवर जेवत होते. म्हणाले, "आक्का, आपला देव आपल्या गळ्यात हाय. पोखर्णीला कशाला जायाचं?"

"गळ्यातला हायच की. त्याला मी कवा न्हाई म्हणलं? पर त्या वख्ताला मी ज्याचं नाव घेतलं त्याला आता तोंड फिरवू का? उद्या लेकराला काय झालं म्हंजे?"

"मग तू जा. गिरजीला ऱ्हाऊ दे."

"तिच्याच पायानं येते म्हणून बोलले मी. मी एकटी जाऊन काय करू, बस बघून येऊ?"

"अन् सांजच्या धारेचं?"

"पहाटंची धार काढून निघतोत, सांजच्या आत माघारी. सकाळी जायाला मुक्कामाची गाडी हाय की. फिकीर करायलास उगं."

आप्पा घास हातात धरून बसले होते. खोलीतून मायचा आवाज आला, "जाऊ द्या त्यायला. लेकरासाठीच जायल्यात." मायनंच म्हटल्यावर विषय संपला. मला तर आनंदच झाला होता. बस, जत्रेसारखी दुकानं, आत्यानं कबूल केलेल्या काचेच्या बांगड्या. गाईपासून वासरू तोडून नवस फेडायला न्यावं तसं आमी निघालो होतो, पण त्या घरातल्या एकाही मोठ्या माणसाला ते दिसलं नाही. देवाचं काम म्हटलं की आमच्या माणसांचे डोळे मिटतात, मिटलेले बरे दिसतात म्हणून.

पोखर्णीचं मला फारसं आठवत नाही. गाभाऱ्यात वाकून जावं लागलं, आत गरम होतं, तेलाचा वास होता. मी पालथी पडून दंडवत घातलं आणि आत्या माझ्या पाठीवर हात ठेवून रडली. मग धपाटे सोडले, शेंगदाण्याची चटणी, कांदा. बांगड्या हिरव्या घेतल्या. दुपारच्या गाडीनं गंगाखेडपर्यंत आलो आणि तिथं अडकलो. पुढं नाल्यावरच्या पुलावर ट्रक उलटला होता, इकडची गाडी इकडं, तिकडची तिकडं. आता निघंल, मग निघंल, करता करता उन्हं उतरली. आत्या आधी लोकांवर चिडत होती, मग रस्त्याकडं डोळे लावून बसली. स्टँडवर दिवे लागले तसा माझा जबडा आपोआप दुखायला लागला. मी म्हटलं, "आत्या, धारेची येळ झाली." आत्यानं माझ्याकडं बघितलं. तिचा असा चेहरा मी कधी बघितला नव्हता. इकडं तिकडं बघून ती माझ्या कानाशी वाकली आणि म्हणाली, "इथूनच मार की गं हाक. गावाकडं तोंड करून मार. येखांद्या वेळंला जाईल ऐकू."

आख्ख्या गावाला बोलण्यात हार न जाणारी बाई ती. एवढ्या लांबून हाक जात नसते हे तिला कळत नव्हतं होय? पण ती माझा दंड घट्ट धरून होती. मी पालमच्या रस्त्याकडं तोंड केलं आणि त्या गर्दीत हाक मारली. बाकावरचे लोक हसले. कुणीतरी म्हणालं, "कोन्या खेड्याची हाय रे ही?" आत्या म्हणाली, "आनखी येक." मी आणखी एक मारली. रात्र आमी स्टँडवर काढली आणि दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर घरी पोचलो.

दारातूनच मला संगूचं ओरडणं ऐकू येईल असं वाटलं होतं. पण घर शांत होतं आणि मला हायसं वाटलं. लेकरू झोपलं होतं. ओसरीत शेजारच्या घरचं म्हशीच्या दुधाचं भांडं पालथं घातलेलं होतं. आप्पा म्हणाले, "लय रडला. घसा बसला त्याचा. मग काय करावं?" आत्यानं ते भांडं बघितलं आणि पायऱ्यांवरच बसली. गोठ्यात काय झालं होतं ते मायनं मला फार वर्षांनी सांगितलं, मी बाळंतपणाला माहेरी आले होते तेव्हा. म्हणाली, त्या सांजंला तुझ्या बापानं तुझा परकर खांद्यावर टाकला, डोक्यावर पोतं घेतलं आणि गाईपुढं गुडघ्यावर बसला. हाका मारल्या. मेल्याचं सोंग नको म्हणणारा माणूस. ढवळीनं एकदा वास घेतला आणि चरवीला लाथ मारली. पहाटेही तेच. "मी भितीला कान लावून हुते," माय म्हणाली, "आधी तो हाका मारू लागला, मंग हाका थांबल्या अन् तो रडू लागला. मला लय येळ कळलंच न्हाई, कोन्ती हाक हाय अन् कोन्तं रडणं."

म्हशीच्या दुधानं लेकराचं पोट पुन्हा सुटलं. मी आल्याआल्या पोतं पांघरून बसले, ढवळीनं पान्हा सोडला, चरवी भरली, पण बोंडल्यातलं दूध त्याच्या ओठांच्या कडेनं खाली यायला लागलं. डोळे आत गेले. टाळू खाली बसली. आप्पा त्याला छातीशी बांधून पालमला घेऊन गेले, डॉक्टरनं सलाईन लावायला शीर शोधली, सापडेना. परत आले तेव्हा आप्पांचा चेहरा बघून आत्यानं हात पुढं केले. आप्पांनी लेकरू तिच्या हातात दिलं. ती त्याला मांडीवर घेऊन बसली, रोज पाजायला बसायची तशीच, आणि कितीतरी वेळ तिनं त्याचं तोंड पदरानं पुसलं. मग माणसं जमली. बांधाच्या कडेला, खोंड पुरलं होतं त्याच्या थोडं वरच्या अंगाला आप्पांनी त्याला ठेवला.

घरात कुणी कुणाला बोल लावला नाही. लावायला पाहिजे होता, असं मला आता वाटतं. मायनं आत्याला शिव्या दिल्या असत्या, आत्यानं आप्पांना त्या कातड्याची आठवण करून दिली असती, तर कदाचित सगळ्यांची सुटका झाली असती. आमच्या घरातली माणसं चांगली होती, म्हणून सगळं आतल्या आत कुजलं. आत्या पुढं कुठल्याच देवाला गेली नाही. माझ्या हिरव्या बांगड्या तिनं स्वतःच्या हातानं उतरवून घेतल्या आणि त्यांचं पुढं काय केलं ते कळलं नाही. मायनं डोळ्यांतून टिपूसही काढलं नाही. लोकांनी तिला हलवून बघितलं, बायकांनी गळ्यात पडून बघितलं. ती भिंतीकडं तोंड करून पडून राहिली.

संगूला मातीत ठेवलं त्याच दिवशीची सांज. ओसरीवर माणसं बसलेली, चूल शेजारच्यांनी पेटवलेली. दिवे लागायची वेळ झाली आणि गोठ्यातून ढवळी हंबरली. कुणी उठलं नाही. थोड्या वेळानं पुन्हा. कास तटतटून फुगली असणार, वेदनेनं ती पाय आपटत होती. आप्पा उठले. खुंटीवरची चरवी काढली आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "चल बाय. जित्राबाचा काय गुन्हा हाय?"

मी पोतं पांघरलं आणि बसले. तोंड मिटलं, आवाज नाकात नेला. हाक येईना. पुन्हा नेला. एकदम मला रडू फुटलं, त्या दिवसभरात पहिल्यांदा. मी मोठ्यानं रडत होते, माणसासारखी. ढवळीनं मान खाली घातली, माझ्या डोळ्यांवरून जीभ फिरवली, आणि चरवीत धार वाजायला लागली. रोजच्यापेक्षा जास्त दूध निघालं त्या दिवशी. चरवी काठोकाठ भरली. आप्पा ती घेऊन उभे राहिले, सवयीनं दोन पावलं स्वैपाकघराकडं टाकली आणि मधेच थांबले. कुठं न्यावं ते त्यांना सुचेना. फेस हळूहळू बसत होता.

माझं रडणं ओसरलं होतं. गोठा शांत झाला. आणि झरोक्यातून मायचा आवाज आला, झोपेतून बोलावं तसा, रोजचा.

"सोडला का?"

आप्पांनी हातातल्या भरल्या चरवीकडं बघितलं.

"सोडला."

मग भिंतीआडून मायनं हंबरडा फोडला. ओसरीवरची माणसं उठून उभी राहिली. ढवळीनं वैरण सोडली, दावं ताणून झरोक्याकडं तोंड वर केलं आणि तिला ओ दिली.